मसूरचा फलाट : तिकीट आणि परवाना

रेल्वे स्टेशनांचा इतिहास आपल्याकडे बहुधा इंजिनांचा, पुलांचा आणि साहेबांचा इतिहास असतो. मार्ग कोणी आखला, पहिली गाडी केव्हा धावली, दगड कोठला, कमानी कोणत्या शैलीच्या, एवढे सांगितले की स्टेशनाचा इतिहास लिहून झाला असे मानण्याची रीत आहे. जतनाचा विचारही त्याच वाटेने जातो. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ साली जागतिक वारसा ठरले. त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती या दृष्टीबद्दल. गाडीतून उतरलेल्या माणसाला फलाटाबाहेर कोणी जाऊ दिले आणि कोणी अडवले, हा प्रश्न या दृष्टीत बसत नाही. ज्यांच्या वाट्याला अडवले जाणेच आले, त्यांच्या दृष्टीने स्टेशनाचा इतिहास मात्र नेमका तेथून सुरू होतो.

पुणे-मिरज लोहमार्गावर, साताऱ्याकडून येताना कराडच्या अलीकडे, मसूर नावाचे स्टेशन आहे. सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातले हे गाव. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळी मुलखात धान्य पोचवता यावे म्हणून जे लोहमार्ग आखले गेले, त्यांत सदर्न मराठा रेल्वे होती. १८८२ साली ही कंपनी स्थापन झाली आणि त्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा तिचा मीटरगेज मार्ग या भागातून गेला. पुढे कंपनी बदलली, सरकारी विभाग बदलले, १९७१ च्या सुमारास मार्ग ब्रॉडगेज झाला आणि अलीकडच्या वर्षांत विजेची तारही आली. २००३ पासून मध्य रेल्वेचा पुणे विभाग त्याचा कारभार पाहतो. रेल्वेच्या पद्धतीने लिहायचा तर मसूरचा इतिहास येथे संपतो. आपल्या पद्धतीने लिहायचा तर तो १९०१ च्या उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी सुरू होतो.

त्या संध्याकाळचा एकमेव दस्तऐवज म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत लिहिलेले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. त्यांच्या हस्ताक्षरातले हे लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले आणि वसंत मून यांनी संपादित केलेल्या शासकीय ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते १९९३ साली आले. ही तारीख मराठी समीक्षेने ध्यानात घेतली पाहिजे. ‘बलुतं’ १९७८ चे, ‘उपरा’ १९८० चे, ‘अक्करमाशी’ १९८४ चे. म्हणजे दलित आत्मकथनांची पहिली लाट आली तेव्हा या प्रवाहाचे मूळ असलेला मजकूर छापीलच नव्हता. दलित आत्मकथन म्हणजे नुसते रडगाणे, वैयक्तिक दुःखाचे प्रदर्शन, असा आक्षेप त्या काळी प्रस्थापित समीक्षकांनी घेतला. त्या आक्षेपाला उत्तर देणारा सर्वांत संयत, सर्वांत काटेकोर पुरावा त्या वेळी छापखान्यात गेलाच नव्हता.

प्रसंग थोडक्यात असा. सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. उपाशी माणसांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्यांनी मुलांना सुट्टीत आपल्याकडे बोलावले. भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि दिवंगत बहिणीची दोन मुले अशी चौघे निघाली. नवे कपडे, भरजरी टोप्या, नवे बूट. साताऱ्यापासून स्टेशन दहा मैल लांब, तेथवर टांगा. तिकिटे काढली, खिशाला दोन-दोन आणे मिळाले, लेमनेडच्या बाटल्या फुटल्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला पोचली. बाकीचे उतारू आपापल्या वाटेने गेले. मुलांना न्यायला कोणी आले नव्हते, कारण मुलांचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. नोकराने ते दिले नव्हते. तासाभराने स्टेशनमास्तर आला, त्याने तिकिटे पाहिली, चौकशी केली. पोशाखावरून त्याला ही ब्राह्मणाची मुले वाटली आणि त्यांची कणव आली. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलाने जराही न थांबता सांगितले, आम्ही महार. स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला.

या ठिकाणी आपण थांबले पाहिजे. लोकप्रिय कथनांतून हा प्रसंग बहुधा ‘बैलगाडीचा प्रसंग’ म्हणून सांगितला जातो. त्यात एक अडाणी, निष्ठुर गाडीवान असतो आणि गाडीभर अंधार असतो. स्टेशन मात्र निसटते, आणि स्टेशनाबरोबर स्टेशनमास्तरही निसटतो. मूळ मजकुराची रचना वेगळी आहे. जातीचा पहिला प्रश्न गाडीवानाने विचारलेला नाही. तो विचारला आहे इंग्रजी राज्याच्या सर्वांत आधुनिक खात्यातल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या, पगारी अधिकाऱ्याने, आणि तोही तिकिटे तपासून झाल्यावर. तिकीट खरे होते, भाडे भरलेले होते, रेल्वेच्या नियमाने त्या मुलांशी कोणाचा काहीच हिशेब उरला नव्हता. तरीही प्रश्न आला. आणि उत्तर फलाटावरून गाडीअड्ड्यावर पोचायला फारसा वेळ लागला नाही. भाड्याच्या गाड्या तेथे पुष्कळ होत्या. दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान तयार होईना.

शीर्षकाचा अर्थ येथे उलगडतो. तिकीट विकत घेता येते. व्हिसा दुसऱ्याने द्यावा लागतो. परक्या देशात शिरताना मागितला जाणारा परवाना आपल्याच देशात, आपल्याच जिल्ह्यात, वडिलांच्या कामाच्या गावी जाताना मागितला जातो, हे सांगण्यासाठी बाबासाहेबांनी हा शब्द निवडला. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे व्याख्येने कळत नाही, ते घडलेल्या प्रसंगांनीच दाखवावे लागते, अशी त्यांची लेखनामागची भूमिका आहे. त्या दृष्टीने पाहिले तर मसूरचा फलाट ही सीमाचौकी आहे. गाडीच्या डब्यात तिकीट चालते. फलाटाच्या कडेपर्यंत तिकीट चालते. त्यापुढे परवाना लागतो, आणि ‘तुम्ही कोण’ हा त्या चौकीवरचा प्रश्न आहे.

आता स्टेशनमास्तरच्या बाजूने एक गोष्ट मांडली जाते, तिचा विचार केला पाहिजे. तो अर्ध्या तासाने परत आला, त्याने मुलांसाठी रदबदली केली, शेवटी त्यानेच तोडगा काढला. हे खरे आहे आणि बाबासाहेबांनी ते प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पण तो तोडगा कोणता होता? मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. गाडीवानाला भाडे मिळाले आणि विटाळही टळला. येथे जातिव्यवस्थेने प्रवास थांबवला नाही. तिने त्याची किंमत दुप्पट केली आणि वर श्रमही प्रवाशाच्याच माथी मारले. सुशिक्षित मध्यस्थाने बाजारही सांभाळला, धर्मही सांभाळला, आणि दोन्हींचा खर्च नऊ-दहा वर्षांच्या पोरांवर टाकला. याला दया म्हणायचे असेल तर म्हणावे. पण मग दयेने व्यवस्थेचा एक खिळाही ढिला होत नाही, हेही त्याच दमात म्हणावे लागेल.

पुढचा तपशील याहून बोलका आहे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गाडी निघाली. वाटेत नदी लागली. पात्र जवळजवळ कोरडे, मधून मधून डबकी, आणि त्यांत गुरांचे शेणमूत. शिदोरी होती, पाणी नव्हते. गाडीवान गावात जाऊन जेवून आला, आणि मग मुकाट्याने गाडीत चढून मुलांच्या शेजारी बसला. स्टेशनवर ज्याला विटाळ होत होता, त्याला अंधारात होत नव्हता. मुलांना नवल वाटले, पण विचारण्याचे धाडस झाले नाही. बाबासाहेब त्यावर भाष्य करीत बसत नाहीत. आपण मात्र त्यातून निष्कर्ष काढला पाहिजे. अस्पृश्यता ही नुसती मनातली किळस नाही. चारचौघांच्या देखत पाळावयाची ती सार्वजनिक शिस्त आहे. ती टिकायला बघणारे डोळे लागतात, आणि ते डोळे स्टेशनसारख्या चव्हाट्यावरच असतात. म्हणून या प्रसंगात स्टेशन हे नुसते स्थळ नाही, ते यंत्रणेचा भाग आहे. त्या रात्री टोलनाक्यावर मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तरीही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती वडिलांकडे पोचली.

हा बालपणीचा एकच प्रसंग असता तर कोणी म्हणाले असते, काळ जुना होता, मुले अनोळखी होती. पण त्याच पुस्तिकेत चाळीसगाव आहे. ऑक्टोबर १९२९. बाबासाहेब आता कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर आहेत. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य आहेत. धुळ्याहून परतताना चाळीसगाव स्टेशनवर तेथले महार बांधव त्यांना रात्रीपुरते थांबवून घेतात. महारवाड्याकडे न्यायला टांगा मिळेना. टांगेवाले टांगा भाड्याने द्यायला तयार, हाकायला तयार नाहीत. मग आपल्यातल्याच एकाने, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, लगाम धरला. मोरीवर घोडा उधळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाला जबर दुखापत होऊन बरेच दिवस अंथरुणावर पडले. मसूर आणि चाळीसगाव यांत २८ वर्षांचे अंतर आहे. तोडगा तोच आहे: वाहन देऊ, हात लावणार नाही, हाकायचे तुम्हीच. बदलला तो प्रवासी. फलाटाबाहेरचा कायदा बदलला नाही. दोन स्टेशने शेजारी ठेवून वाचली की या लेखनाची रचना किती विचारपूर्वक आहे ते कळते.

रेल्वेने जात मोडेल ही अपेक्षा थोरामोठ्यांनी केलेली आहे. कार्ल मार्क्सने १८५३ साली, मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिताना असे भाकीत केले की रेल्वेमुळे येणारे आधुनिक उद्योग वंशपरंपरागत श्रमविभागणी विरघळवतील आणि जातीचा पाया जाईल. भाकीत अगदीच वाया गेले असे नाही. रेल्वेने माणसे गावकीच्या दाव्यातून सोडवली, कारखान्यापर्यंत नेली, शाळेपर्यंत नेली. १९५६ साली दीक्षेसाठी माणसे नागपूरला लोटली ती याच रुळांवरून, आणि दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला उतरणारा जनसागरही रेल्वेनेच येतो. पण रेल्वेने जात मोडण्याआधी जातीने रेल्वेत नोकरी धरली, हेही तितकेच खरे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही बाबासाहेबांची प्रसिद्ध मांडणी तेथली. त्याच भाषणातला एक तपशील मात्र कमी उद्धृत होतो. दलित माणूस रेल्वेत जन्मभर गँगमनच राहतो, त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, असे त्यांनी सांगितले. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात, आणि स्टेशनमास्तर सवर्ण असतो. मसूरचा स्टेशनमास्तर जातीचे नाव ऐकून ज्या खोलीत गेला, त्या खोलीचे दार कोणाला बंद होते हे या एका वाक्यार्थाने कळते. १९०१ चा प्रवासी आणि १९३८ चा कामगार एकाच दारापाशी उभे आहेत. रूळ उचलायला, खडी ओढायला, ऊनपावसात लोहमार्ग राखायला त्यांचे हात चालत होते; स्टेशनच्या आत ते चालत नव्हते.

आता जतनाच्या प्रश्नाकडे येऊ. याला जगात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ७ जून १८९३ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर मोहनदास गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवले गेले. त्या फलाटावर आज स्मृतिफलक आहे. १९९७ साली नेल्सन मंडेलांच्या उपस्थितीत तेथेच गांधींना मरणोत्तर त्या शहराचा सन्मान दिला गेला. २०१८ साली सव्वाशे वर्षे झाली तेव्हा भारताच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज रेल्वेने तेथे गेल्या. हे सर्व उचितच झाले. परंतु दोन प्रसंगांतला फरक पाहा. तेथे रेल्वेनेच तिकीट नाकारले, आणि नाकारणारा परका राज्यकर्ता होता. येथे रेल्वेने तिकीट मानले, आणि नाकारणारा आपला समाज होता. परक्याने केलेल्या अन्यायाचे स्मारक उभारणे राष्ट्राला सोपे जाते. स्वतःच्या अन्यायाचे जड जाते. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाड्या रोज मसूरवरून जातात. डब्यातल्या किती प्रवाशांना पीटरमॅरित्झबर्ग माहीत असते आणि खिडकीबाहेरून गेलेले मसूर माहीत नसते, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

शासनाला स्मृतीचे वावडे आहे असे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपलेल्या आहेत. पुणे स्टेशनबाहेर त्यांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तेथे माणसांचा पूर लोटतो. पण शाळाप्रवेशाचा दिवस आणि मसूरची संध्याकाळ यांत वर्षाचेही अंतर नाही. पहिला दिवस साजरा करायचा आणि दुसरी संध्याकाळ सांगायची नाही, याचा अर्थ बुद्धिमान विद्यार्थी हवा, साक्षीदार नको, असा होतो.

याहून मोठा धोका जतनाच्या भाषेत आहे. कोणत्याही ठिकाणी फलक लागायचा झाला की ‘पदस्पर्शाने पावन झालेली भूमी’ हे शब्द तयारच असतात, आणि आपले कार्यकर्तेही ते भाबडेपणाने वापरतात. ज्या मुलाच्या स्पर्शाने गाडी बाटेल असे मसूरच्या गाडीवानांना वाटले, त्याच्याच स्पर्शाने मसूर पावन झाले असे लिहिणे ही निव्वळ शब्दांची चूक नाही. विटाळ आणि पावित्र्य ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. बाबासाहेबांनी ते नाणेच चलनातून काढायला सांगितले. मसूरवर फलक असेल किंवा लागेल तर त्यावर पावनता नको; तारीखवार घटना हवी, स्टेशनमास्तरचा प्रश्न हवा आणि मुलाने दिलेले उत्तर हवे.

नावांची काळजीही जतनातच मोडते. या प्रसंगातले मुक्कामाचे गाव कुठे गोरेगाव तर कुठे कोरेगाव छापले जाते. केंद्रीय शालेय पाठ्यपुस्तकातही कोरेगाव आले. पण कोरेगाव हा स्वतंत्र तालुका आहे, आणि साताऱ्याकडून येताना ते गाव याच मार्गावर मसूरच्या आधी लागते. तेथे जायला कोणी पुढे मसूरला जाऊन उतरणार नाही. मजकुरात तालुका खटाव दिलेला आहे. खटावातले गोरेगाव घेतले तरच मसूरला उतरणे आणि रात्रभराचा गाडीचा प्रवास यांचा मेळ बसतो. एवढी साधी पडताळणी न करता पिढ्यानपिढ्या मुलांना चुकीचे गाव शिकवले जाते, तेव्हा इमारती जपण्याच्या गप्पा कशाला?

आपल्यातले काही जण विचारतील, अपमानाच्या जागा जपायच्या कशाला? महाड आहे, दीक्षाभूमी आहे, त्या विजयाच्या जागा पुरेत. प्रश्न रास्त आहे. पण १९०१ च्या रात्री चार मुले शिदोरी असूनही पाण्यावाचून राहिली, हे माहीत नसेल तर २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर उचललेल्या ओंजळीचे वजन कळत नाही. विजयाला पूर्वपीठिका नसली की त्याचा चमत्कार होतो, आणि चमत्काराची पूजा होते. त्यातून पुढचा संघर्ष उभा राहत नाही.

मार्गाचे रुंदीकरण झाले, दुहेरीकरणाची कामे झाली, अशा वेळी १९०१ चा दगड शोधत बसणे हा जतनाचा मुख्य मार्ग नव्हे. जपायचे आहे ते फलाटापासून गाडीअड्ड्यापर्यंतचे अंतर, मसूरपासून गोरेगावपर्यंतची वाट, आणि त्यांविषयीचा मजकूर. शिक्षकांनी हे प्रकरण मूळ क्रमाने, स्टेशनमास्तरसकट शिकवावे. पुणे आणि साताऱ्याच्या विद्यार्थ्यांनी त्या वाटेने चालून ती नोंदवावी. पुणे विभागातून निवृत्त झालेले आपले गँगमन, खलाशी आणि सफाई कामगार अजून आपल्या वस्त्यांतून आहेत. कोणत्या कामावर कोण लागत असे, पाणी कोठे प्यावे लागत असे, क्वार्टर कोणाशेजारी मिळे, हे त्यांच्या तोंडून आजच लिहून घ्यावे. इमारत पाडली तर निदान दिसते. माणूस गेला की त्याच्याबरोबर गेलेला इतिहास दिसतही नाही.

आज गाडीवान नाहीत, टांगे नाहीत. परवाना मात्र अजून मागितला जातो: खोली भाड्याने घेताना आडनावातून, वसतिगृहात यादीतून, मुलाखतीत गावाच्या नावामागून. प्रश्न विचारणारा बहुधा सुशिक्षित असतो, आणि तोडगा सुचवणाराही तोच असतो. म्हणून मसूरचे स्टेशन हा गेल्या शतकाचा अवशेष नाही. तिकीट तपासून झाल्यावरही जो प्रश्न विचारला गेला, तो जोवर विचारला जातो आहे, तोवर तो फलाट जपला पाहिजे.